मार्टिनची दोन बोटं

हे मला आत्ता, याच मिनिटाला कोणाला तरी सांगायचंय. समोरचा ट्रक गेला त्याला वीस मिनिटं झाली. माझी अकराची मीटिंग मी कॅन्सल केलीये (पोट दुखतंय असं लिहिलं, आता खरंच दुखतंय), आणि मी टाइप करायला बसलीये. संध्याकाळपर्यंत थांबले तर मी शहाणी होईन आणि काहीच लिहिणार नाही. मी फार फास्ट टाइप करते. त्यावरूनच सगळं झालंय, पण ते पुढे.

मार्टिन ड्रिस्लेन. आमचा शेजारी. नाव पूर्ण लिहितेय, मुद्दाम. बाकी लोकांची नावं बदललीयेत, त्याचं नाही. का ते कळेल.

आम्ही म्हणजे नेपरव्हिलमधले देशकर काका-काकू, आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये राहणारी मी. काका नागपूरचे, हाडांचे डॉक्टर, आता रिटायर्ड. मी एमएस करून इथे नोकरीला लागले, आठवड्यातले दोन दिवस ट्रेनने शिकागोला जाते, बाकी दिवस काकूंच्या किचन टेबलवर लॅपटॉप टाकून बसते, कारण बेसमेंटमध्ये नेटवर्क येत नाही आणि वर फोडणीचा वास येतो. मार्टिनचं घर आमच्या उजवीकडे. मध्ये लाकडी फेन्स, त्याने स्वतः बांधलेलं. तो सुतार. लोकांची किचन कॅबिनेट्स, डेक, जिने करायचा. पंचावन्नच्या आसपासचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, एकटा. लग्न झालं होतं, फार वर्षांपूर्वी मोडलं, त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ओळख कढीपत्त्यावरून झाली. काकूंचा कढीपत्ता म्हणजे काय चीज आहे ते अमेरिकेत राहिलेल्यांना सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये घरात, मे महिन्यात बाहेर, त्याला माणसासारखं वागवतात. तर तो कढीपत्ता पहिल्यांदा बाहेर ठेवला त्याच दिवशी फेन्सवरून एक बॉल आला आणि कुंडी फोडून गेला. क्रिकेटच्या बॉलएवढा, पांढरा, वर जाड शिवण. काकू तो बॉल हातात घेऊन त्याच्या दारात गेल्या, मागे मी. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात एक लाकडी काठी होती, खालच्या बाजूला पसरट, पंजासारखी, आणि त्या पंजाला पत्र्याची पट्टी ठोकलेली.

"हॉकी?" काकू म्हणाल्या.

"नाही मॅडम," तो म्हणाला, एकदम दुखावल्यासारखा. "हर्लिंग."

कुंडीबद्दल सॉरी त्यानंतर.

हर्लिंग म्हणजे आयर्लंडचा खेळ. पंधरा विरुद्ध पंधरा, हातात ती काठी, बॉल हवेतसुद्धा मारायचा. गोलपोस्ट इंग्लिश एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याच्या खालून गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट, आणि वरून गेला तर एक पॉइंट. एवढं पुरे, मलाही एवढंच कळतं. आणखी एक, कारण ते लागणारे. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की त्या रेषेवर जमिनीवर ठेवून तिथूनच मारतात. हात लावायचा नाही, उचलायचा नाही, काठीने जमिनीतून कापल्यासारखा काढायचा. तिथून थेट पोस्टच्या मधून वर घालवणं म्हणजे फार अवघड. मार्टिन बॅकयार्डमध्ये रोज तेच मारायचा. कामावरून आला की वीस, पावसात वीस, थंडीत वीस.

आणि मारल्यावर बॉलकडे बघायचा नाही. हे मी पहिल्याच आठवड्यात नोटीस केलं. काठी फिरली की हा वळला, मान खाली, चार पावलं उलट दिशेने चालत गेला. बॉल जाळीत गेला का आमच्या टोमॅटोत, हे आम्ही ओरडल्यावर कळायचं त्याला.

कुंडी फोडल्याच्या चौथ्या दिवशी तो कढीपत्त्यासाठी चाकं लावलेला लाकडी स्टँड घेऊन आला. ऑक्टोबरमध्ये ढकलत आत न्यायला. काकू त्या दिवसापासून त्याला मार्टिनराव म्हणायला लागल्या. "मार्टिनराव, कम, टी." तो यायचा. बशीत ओतून चहा प्यायला काकांनीच शिकवलं त्याला. आणि काकांनीच पहिल्या चहाला त्याची बोटं बघितली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बाहेरच्या बाजूला वाकडी, कपाच्या कानात मावायचीच नाहीत.

काकांनी सरळ हात ओढून घेतला. "हे कोणी सेट केलं?"

"कोणी नाही."

"दिसतंच आहे. कशात मोडलं?"

"मॅचमध्ये."

"मग डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"त्या दिवशी डॉक्टरला नाव सांगायची सोय नव्हती," मार्टिन म्हणाला, आणि चिवडा मागितला. आम्हाला वाटलं इन्शुरन्स नसेल. इथे सगळ्यांना पहिलं तेच वाटतं.

त्याचे दोन शब्द होते. एक 'ग्रँड'. कसा आहेस, ग्रँड. छत गळतंय, ग्रँड, बघतो. काकांनी बुद्धिबळात सलग तीन वेळा हरवलं, ग्रँड. चांगलं, वाईट, सगळ्यावर एकच झाकण. आणि दुसरं, कोणी काही बढाई मारली की विचारायचा, "कागदावर आहे का?" काका एकदा म्हणाले, मी नागपूरला युनिव्हर्सिटीकडून क्रिकेट खेळलोय. मार्टिन म्हणाला, "कागदावर आहे का?" काका इरेला पेटले. दोन दिवस माळ्यावरच्या बॅगा उपसल्या आणि पिवळं पडलेलं सर्टिफिकेट आणून त्याच्यापुढे ठेवलं. मला वाटलं हसेल. त्याने चष्मा लावला, सही-शिक्क्यासकट सगळं वाचलं, मग दोन्ही हातांनी उचलून परत दिलं.

"ग्रँड. हे सांभाळा डॉक्टर. हे बेसमेंटमध्ये ठेवू नका, ओल असते."

"बेसमेंटमध्ये ही असते," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

आमच्या रस्त्यावर ॲशची झाडं होती. ती कीड लागून इकडे सगळीकडे मेली, तुम्ही इकडे राहत असाल तर तुमच्याही गावात मेली असतील. म्युनिसिपालिटीचे लोक येऊन एकेक कापून न्यायचे. मार्टिन त्यांच्या मागे हात जोडून फिरायचा: बुंधा द्या, फक्त बुंधा, मुळाजवळचा चार फूट. कारण त्या काठीला ॲशचंच लाकूड लागतं, आणि काठीचा खालचा बाक मुळाच्या बाकातूनच यावा लागतो, नाहीतर पहिल्या फटक्याला तुटते. गराजमध्ये बुंध्यांची रांग लावली होती त्याने. मी म्हटलं, वा, आयुष्यभराची सोय झाली की. तो एका बुंध्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्याकडेही मरतायत. एवढं लाकूड मी कधी बघितलं नव्हतं. सगळी मरतायत म्हणून मिळतंय." आणि मग अर्थात, "ग्रँड."

आता मेन गोष्ट. गेल्या वर्षी त्याच्या गावच्या क्लबने जुबिलीचं पुस्तक काढायचं ठरवलं. गावातून जो कोणी काउंटीच्या टीममधून खेळला, म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याकडून म्हणूया, पण तिकडे ते देशाकडून खेळल्याएवढं मोठं, अशा प्रत्येकाची माहिती त्यात येणार. त्यालाही मेल आला. पण दोन वाकडी बोटं घेऊन टाइप करायला तो बसला की एका ओळीला अर्धा तास. काकू म्हणाल्या, "आमच्या सईला सांगा ना, ती मशीन आहे." तर रविवारी दुपारी चहानंतर मी आणि मार्टिन किचन टेबलवर बसायला लागलो.

पहिल्या रविवारी मी एकदम एक्साइटेड. फाइलला नाव दिलं, 'करिअर'. म्हटलं, बोला, कुठून सुरू करायचं.

"काउंटीकडून सामने, एक," तो म्हणाला. "बदली खेळाडू. अकरा मिनिटं. पॉइंट नाही."

मी थांबले. "पुढे?"

"झालं."

"मार्टिन, अर्धं पान मागितलंय त्यांनी."

"मग अक्षर मोठं कर."

मी हसले, तो नाही हसला. नंतर हळूहळू आलं बाहेर. तेविसाव्या वर्षी तो एका उन्हाळ्यासाठी शिकागोला आला. तेव्हा असं चालायचं, इथले आयरिश क्लब तिकडच्या पोरांना उन्हाळ्यात बोलवायचे, दिवसा बांधकामावर काम द्यायचे आणि रविवारी खेळवायचे. फक्त गावच्या क्लबच्या सेक्रेटरीची सही लागायची, नाहीतर खेळायला बंदी. मार्टिनचा फॉर्म सहीविना राहिला. सेक्रेटरी बाहेरगावी होता, हा म्हणाला बघू, आणि विमानात बसला. म्हणजे अख्खा उन्हाळा हा रेषेबाहेर उभा राहून पाण्याच्या बाटल्या देत होता. मग पुढच्या वर्षी जाऊ करत राहिला, तो राहिलाच.

मी विचारलं, "मग परत एकही मॅच नाही?"

"कागदावर नाही," तो म्हणाला.

मला तेव्हाच क्लिक व्हायला हवं होतं. कारण त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती. तो वर्षातून एकदा शिकागोच्या दक्षिणेला एका आयरिश दुकानात जायचा, चहा आणि सॉसेज आणायला. मी पण गेले होते एकदा, टाइमपास. तिथे काठी टेकत एक म्हातारबाबा आले, याच्याकडे बघत राहिले आणि एकदम गळ्यात पडले. "डेक्लन. डेक्लन माय बॉय. लाइनवरून मारलेला तो कट, मी काल बघितल्यासारखा सांगतो सगळ्यांना." मार्टिनने त्यांना धरून ठेवलं, ते पडतील म्हणून, आणि म्हणाला, "थँक्यू. ग्रँड दिवस होता." कारमध्ये मी विचारलं, डेक्लन का म्हणाले? "म्हातारे आहेत, चेहरे विसरतात." हे एवढंच. मी विसरूनही गेले.

डेक्लन म्हणजे याच्याच गावचा, याच्याच वर्गातला मित्र. पुढे काउंटीचा कॅप्टन झाला, मोठा माणूस. दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या थडग्यावर म्हणे काठी आणि बॉल कोरलेत. तिसऱ्या रविवारी मेल आला तो डेक्लनच्या बायकोचा, नोराचा. मीच वाचून दाखवला. लिहिलं होतं, पुस्तकात डेक्लनच्या शिकागोच्या फायनलवर एक वेगळं पान हवंय, ती मॅच तर गावात दंतकथा आहे, पण तो स्वतः त्याबद्दल कधी धड बोलायचा नाही, लाजायचा. मार्टिन, तू तिथे होतास ना? तू लिहून देशील का?

मार्टिन बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "घे लिहून."

आणि मित्रांनो, तो बोलायला लागला. ज्या माणसाकडून मी तीन रविवार मिळून सहा ओळी काढल्या होत्या, तो पाऊण तास बोलत होता. डेक्लन गुरुवारी विमानाने फक्त फायनलसाठी आला. रविवारी मैदान कोरडं, दगडासारखं. डेक्लनने हेल्मेट घातलं होतं, चेहऱ्यासमोर जाळीवालं.  त्याला अडवायला चिकटून उभ्या असलेल्या समोरच्या टीमच्या माणसाच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता. मी टाइप करत होते, बघतही नव्हते, शब्द आले की बोटं पळत होती. सेकंड हाफमध्ये डाव्या हातावर काठी बसली, दोन बोटं मोडली, आवाज ऐकू आला, पण त्याने कोणाला दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर हेल्मेट काढून बाहेर बसवलं असतं. शेवटच्या मिनिटाला बरोबरी. बॉल रेषेबाहेर. त्याने बॉल ठेवला, एका गवताच्या पात्यावर, आणि कापला.

"वर गेला?" मी विचारलं.

"माहीत नाही. मी बघितलं नाही. आवाजावरून कळलं."

मग तो थांबला. मीही थांबले, कारण मी जसंच्या तसं टाइप केलं होतं: मी बघितलं नाही.

"ते 'त्याने' कर," मार्टिन म्हणाला. मी केलं. "आणि ती बोटांची ओळ काढ. डेक्लनची बोटं नीट होती."

मी त्याच्या हाताकडे बघितलं. टेबलवर होता, कपाच्या बाजूला. त्याने तो खाली घेतला नाही. काकू ओट्याशी कोथिंबीर निवडत होत्या, त्यांनीही बघितलं.

नंतरचं त्याने चार वाक्यांत सांगितलं. फायनलच्या सकाळी डेक्लन दारू पिऊन पडला होता, उभाच राहीना. सही झालेला फॉर्म त्याचा होता, याचा नव्हता, म्हणून मॅनेजरने त्याची जर्सी याच्या अंगावर टाकली आणि म्हणाला, आज तू डेक्लन. दुसऱ्याच्या नावावर खेळणं कळलं असतं तर दोघांवर बंदी आली असती आणि क्लबचा कप गेला असता. डेक्लन घरी पोचायच्या आधी बातमी पोचली, गावाने वेशीवर शेकोटी पेटवली, तिकडे असंच स्वागत करतात. डेक्लन त्या शेकोटीसमोर गाडीतून उतरला, मग इथे फोन केला आणि रडला, म्हणाला काय करू. मार्टिन म्हणाला, ग्रँड, राहू दे. त्याच महिन्यात डेक्लनला काउंटीच्या टीममध्ये घेतलं. मार्टिन आईच्या अंत्यविधीला एकदाच गावी गेला, चार दिवस, आणि पबमध्ये तीन वेगवेगळ्या माणसांनी त्याला तो पॉइंट खुर्च्या मांडून दाखवला. तू तिथे होतास ना, त्यांनी विचारलं. होतो, हा म्हणाला.

"पण मार्टिन, हे तुमचं आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "सगळं तुमचं आहे. लिहा ना. आता कोणाचा काय तोटा होणारे?"

"नोराचा."

"आणि तुमचा?"

"माझी अकरा मिनिटं आहेत की. कागदावर आहेत."

काकू मराठीत म्हणाल्या, "सई, त्यांचं आहे ते. तू मध्ये पडू नकोस." मी मान हलवली. ती बोटांची ओळ त्याच्यासमोर डिलीट केली. तो घरी गेला.

आणि मग मी अनडू दाबलं.

एक बटण आहे, तुम्हाला माहितीये. ओळ परत आली, मी मेल पाठवला. मला वाटलं, एक ओळ, कोणाला कळणारे. निदान त्याची दोन बोटं तरी राहतील पुस्तकात, भले दुसऱ्याच्या नावाखाली. मला वाटलं मी त्याच्यासाठी काहीतरी करतेय. खरं सांगते, मला त्या रात्री मस्त झोप लागली.

पुस्तक एप्रिलमध्ये आलं. छान जाड, गुळगुळीत कागद. मार्टिनने चौऱ्याऐंशीवं, डेक्लनच्या फायनलचं पान वाचलं आमच्याच टेबलवर बसून. चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मग पान परत वाचायला लागला. यार, मी अजूनही सांगू शकत नाही तो चेहरा रागाचा होता का. त्याने ती ओळ तीनदा वाचली, एवढं मी बघितलं.

दहा दिवसांनी तो काकूंच्या पँट्रीचं दार बसवत होता. फोन वाजला, दोन्ही हात अडकलेले, म्हणून मी स्पीकर ऑन करून समोर धरला. नोरा होती.

"मार्टिन," ती म्हणाली. हॅलो नाही काही नाही. "मी त्या हाताशेजारी सव्वीस वर्षं झोपलेय. त्याची बोटं कधीच मोडली नव्हती."

मार्टिनने दार एका खांद्यावर तोलून धरलं होतं. ते खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

"टायपिंगची चूक आहे ती," तो म्हणाला. "इथली एक पोरगी मला टाइप करून देते, फार फास्ट करते. मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होतो, तिने तिथे घातलं."

"दुसरं कोण?"

"होता एक. तू नाही ओळखत."

 मग ती हसली, रडल्यावर हसतो तशी. "तू मला घाबरवलंस, मार्टिन. मला वाटलं..." मग एकदम म्हणाली, "त्यांना सांगून दुरुस्त करून घेशील ना?"

"ग्रँड," तो म्हणाला.

फोन मी बंद केला. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, "स्क्रू दे, लांबवाला." त्या संध्याकाळी मी क्लबला मेल लिहिला, माझी टायपिंगची चूक झाली, क्षमस्व. आयुष्यात मी इतकं हळू कधी टाइप केलं नव्हतं.

जूनमध्ये एक पाकीट आलं. आत बोटभर रुंदीची चिठ्ठी, छापलेली: पान चौऱ्याऐंशी, अकरावी ओळ वगळून वाचावी. सगळ्यांना पाठवली होती, आपापल्या पुस्तकात चिकटवायला. मार्टिन सुताराची पट्टी घेऊन आला, गोंद घेऊन आला, आणि पट्टी लावून, अगदी सरळ, ती चिठ्ठी त्या ओळीवर चिकटवली. वाकड्या बोटांनी कडा दाबत बसला. काका उठून बाहेर गेले. मला त्याने पुस्तक दाखवलं, सरळ बसलीये का विचारायला. सरळ बसली होती.

त्यानंतर त्याने बॅकयार्डमध्ये बॉल मारणं थांबवलं. एकदम नाही. वीसचे दहा झाले, मग आठवड्यातून एकदा, मग टोमॅटोंना कोणी त्रास देईना. काकू खिडकीतून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज पण नाही आले." एकदा मुद्दाम कढीपत्त्याचा स्टँड फेन्सला टेकवून ठेवला, फोडा म्हणून. नाही फोडला.

सप्टेंबरमध्ये नोराचा परत फोन. तिची आणि डेक्लनची मुलगी जानेवारीत शिकागोला शिकायला येणार. तिला ते मैदान बघायचंय. जिथून बाबांनी मारला त्या जागेवर उभं राहायचंय. मार्टिन, तू दाखवशील ना? हा म्हणाला, ग्रँड. तीन आठवड्यांनी त्याच्या घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी लागली. मिनेसोटात एका बिल्डरकडे काम मिळालंय म्हणे, वर, अगदी कॅनडाच्या जवळ. काका म्हणाले, "अहो, तिथे थंडीने तुमची ती बोटं गळून पडतील." तो म्हणाला, "बघू."

मी काल गेले त्याच्याकडे. खोकी भरून झाली होती. मी म्हटलं, "मार्टिन, तुम्ही माझ्यामुळे जाताय का?"

"नाही," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ टेप गुंडाळत राहिला. "लिहून देणं वेगळं. त्या मुलीला जागा दाखवायची आणि इथे तो उभा होता असं तोंडाने म्हणायचं, ते नाही जमायचं. तिचे डोळे त्याच्यासारखे आहेत, फोटोत बघितलं मी. मी खरं बोलून टाकेन."

"मग बोला ना."

"तिचे बाबा आत्ता दोन वर्षांपूर्वी गेलेत, साय." तो मला साय म्हणायचा, सई जमायचं नाही त्याला.

मी रडायला लागले. मला त्याच्यासाठी काहीच करता येत नव्हतं, आणि जे केलं होतं त्याने त्याचं उरलेलंही गेलं होतं. तो खोक्यावर बसला. जरा वेळाने म्हणाला, "तू तुमच्या भाषेत लिहितेस ना काहीतरी? डॉक्टर सांगत होते."

"हो. असंच. ऑनलाइन."

"तिकडे आमच्या गावात ती कोणाला येते?"

"कोणालाच नाही."

"मग तिथे लिही." मी नाक पुसत विचारलं, नाव काय घालू. तो म्हणाला, "त्यांची बदल. माझं माझंच घाल." मग दाराकडे बघत म्हणाला, "तो वरून गेला का, ते पण लिही."

"गेला ना?"

"सगळे म्हणतात गेला."

तर लिहिते. मार्टिन ड्रिस्लेन शिकागोच्या एका फायनलमध्ये साठ मिनिटं खेळला, सेकंड हाफ दोन मोडक्या बोटांनी खेळला, आणि शेवटच्या मिनिटाला बाजूच्या रेषेवरून, जमिनीवरून, बॉल थेट आडव्या दांड्याच्या वरून घालवला. मॅच जिंकली. मार्टिन, कागदावर आहे. (आणि वाचणाऱ्यांनो, प्लीज, हात जोडते, हे ट्रान्सलेट करून कुठेही पाठवू नका.)

आज सकाळी पहिला बर्फ पडला, पातळ, गवताची टोकं वर दिसत होती. ट्रक भरून झाला होता, ड्रायव्हर हॉर्न न वाजवता थांबला होता. काकूंनी डब्यात पुरणपोळ्या दिल्या, मार्टिनरावांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाला, एक मिनिट, आणि घराच्या मागे गेला. मी वरच्या खिडकीत पळाले.

तो बॅकयार्डच्या कडेला उभा होता. हातात काठी, पण बॉल नाही, बॉल सगळे खोक्यात. तरी वाकला, बर्फावर काहीतरी नीट ठेवल्यासारखं केलं, दोन पावलं मागे आला, आणि मारलं. बर्फाचा एक पांढरा तुकडा उडाला, फेन्सच्या आधीच विखुरला. मी वाट बघत होते की आता हा वळेल, मान खाली घालेल. नाही वळला. मान वर करून बघत राहिला, आमच्या गराजवरून, वायरीवरून, पलीकडच्या घरांवरून, बराच वेळ, जसं काहीतरी अजून हवेत आहे. ड्रायव्हरने शेवटी हॉर्न दिला. मग खाली बघितलं त्याने, काठी फेन्सला टेकवली, आणि ती तिथेच ठेवून गेला.

काठी अजून तिथेच आहे. काकू म्हणतात आत आणू या, ओल लागेल. मला हात लावायची हिंमत होत नाहीये.

मला एवढंच सांगा, कमेंटमध्ये किंवा मनात: तुमच्याकडून झालंय का असं, की कोणाचं तरी भलं करायला गेलात आणि त्या माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःला खोडून टाकावं लागलं? आणि झालं असेल तर त्यानंतर तुम्ही त्याच्याशी काय बोललात?